जेवताना जबड्याखाली सूज येते, सोनोग्राफीत लाळेच्या नळीत खडा दिसला. लाळेची ग्रंथीच काढावी लागेल का?
बहुतेकदा नाही. खडा जिभेखाली बोटाला लागत असेल तर तो तोंडातूनच निघतो. जागा बधिर करून आधी खड्याच्या मागे, ग्रंथीच्या बाजूला, नळीभोवती टाका घेतात. नाहीतर खडा निसटून मागे सरकतो आणि मग शोधत बसावं लागतं. खड्यावरच चीर देऊन तो काढतात. चीर सहसा शिवत नाहीत, शिवली तर नळी आकसून लाळ पुन्हा तुंबू शकते. साधारण ४ मिमीपर्यंतचा सुटा खडा दुर्बिणीतून जाळीने ओढता येतो. खोलवर मात्र जिभेची नस (मज्जातंतू) नळीला खेटून असते, तिथे घाई नको. खडा ग्रंथीतच रुतून वारंवार सूज येत असेल तरच ग्रंथी काढतात. त्यात खालचा ओठ हलवणाऱ्या नसेला धोका असतो. पू झाला असेल तर आधी अँटिबायोटिक.