वाचकांचे प्रश्न : वृद्धाश्रमातील हॅम रेडिओ

प्रश्न : मी परवानाधारक हॅम (छंद म्हणून रेडिओवरून संपर्क साधणारा) असून घराजवळच्या वृद्धाश्रमात दर आठवड्याला सेवेसाठी जातो. तेथील आजी-आजोबांना या छंदाची गोडी लावावी, असे मनात आहे. व्यवस्थापनाच्या संमतीने एकदा संच मांडून परदेशी स्टेशने ऐकवली, पण थोड्याच वेळात बरीचशी मंडळी उठून गेली. कार्यक्रम रंजक कसा करावा? त्यांना माईकवर बोलू दिले तर चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मंडळी उठून गेली म्हणजे त्यांना रस नव्हता, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका; बहुधा त्यांना नीट ऐकूच आले नसावे. एसएसबी या हॅम मंडळींच्या बोलण्याच्या नेहमीच्या प्रक्षेपण-पद्धतीतला आवाज साधारण ३०० ते २७०० हर्ट्झच्या पट्ट्यात बसवलेला असतो. ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने ओळखू येण्यास मदत करणारे उंच स्वर त्यात बरेचसे गाळले जातात, आणि वयोमानाने कानही आधी तेच स्वर गमावतो. त्यामुळे आवाज कानावर पडतो, पण शब्द उमगत नाही. यावर संचाचा आवाज वाढवणे हा उपाय नव्हे. वेगळा स्पीकर टेबलावर श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा, खोलीतला पंखा आणि दूरचित्रवाणी संच बंद करा आणि एका वेळी चार-पाच जणांनाच बोलवा. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना हेडफोन देऊ नका. तो कानावर दाबला की यंत्र बहुधा शिट्टी मारू लागते.

परदेशी स्टेशनांचे अप्रूप तुम्हा-आम्हाला असते, हेही लक्षात घ्या. सकाळचा नाश्ता झाल्यावर ७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे ४० मीटरच्या पट्ट्यावर बसलात, तर आपल्या आणि शेजारच्या राज्यांतील हॅम मंडळींच्या गप्पा ऐकू येतात, त्याही हिंदीत आणि क्वचित मराठीत. ज्यांची नोकरी नागपूर, बेळगाव, हैदराबाद अशा बदल्यांमध्ये गेली, त्यांना त्या गावाचे नाव ऐकताच बोलावेसे वाटते. अशा वेळी संचाकडे दुर्लक्ष झाले तरी खुशाल होऊ द्यावे.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न रंजकतेचा नाहीच. या वयातल्या माणसांना प्रेक्षक म्हणून बसवणारे पुष्कळ भेटतात, काम देणारे फारसे कोणी भेटत नाही. तेव्हा लॉगबुक त्यांच्या हाती द्या. वेळ, वारंवारिता, कॉलसाइन (स्टेशनचे ओळखचिन्ह), सिग्नल किती स्पष्ट आला याचा अहवाल आणि गाव असे रकाने वहीत आखून दिले, की निवृत्त शिक्षिका किंवा बँकेतले कारकून ते तुमच्याहून सुवाच्य अक्षरात भरतील. जागतिक वेळ काढण्यासाठी भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करण्याचे कामही कोणी तरी आनंदाने अंगावर घेईल. भिंतीवर भारताचा नकाशा लावून ऐकू आलेल्या गावावर टाचणी टोचण्याचे काम आणखी कोणाकडे सोपवता येईल. मात्र एकदा वार आणि वेळ ठरली की ती पाळावी.

मोर्सकडेही, म्हणजे टिंब-रेषांच्या सांकेतिक लिपीकडेही, दुर्लक्ष करू नका. त्याचा स्वर संचावर ५०० ते ६०० हर्ट्झपर्यंत खाली आणता येतो, त्यामुळे बोललेला शब्द न समजणाऱ्या अनेकांना तो स्वच्छ ऐकू येतो. तारखात्यातून, रेल्वेतून, नौदलातून किंवा लष्कराच्या सिग्नल्स विभागातून निवृत्त झालेले कोणी आश्रमात आहे का, याची आधी चौकशी करा. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण जुन्या तारमास्तरांच्या बोटांत मोर्स अजून जिवंत असते. त्यांचा कान तारयंत्राच्या साउंडरच्या ‘कट्ट-कडकट्ट’ला सरावलेला असल्यामुळे शिट्टीसारखा स्वर ओळखायला त्यांना थोडा वेळ द्यावा लागेल. सरावाची मोर्स-की (संकेत पाठवण्याची दाबकळ) आणि बझर मांडून दिलात तर प्रक्षेपणाचा प्रश्नच येत नाही.

माईकबद्दल मात्र नियम स्पष्ट आहे : परवाना नसलेल्या व्यक्तीने बोलू नये. तुमचा परवाना ज्या पत्त्यावर आहे, त्याखेरीज अन्यत्र संच चालवण्याची मुभा त्यात आहे का, हेही आधी तपासा. ४० मीटरच्या पट्ट्यासाठीचा डायपोल (मध्यातून दोन बाजूंना जाणाऱ्या तारांची साधी अँटेना) सुमारे २० मीटर लांब होतो. त्याचा मध्य गच्चीवरच्या टाकीला बांधून दोन्ही टोके उतरती सोडावीत, आणि केबल कोणाच्या वाटेत येणार नाही याची खात्री करावी, कारण त्या वयात अडखळून पडणे फार महागात पडते. कोणाला पेसमेकर बसवला असल्यास त्याच्या डॉक्टरांना विचारा, कमी शक्तीवर काम करा आणि अँटेना दूरच ठेवा.

अंतराळ स्थानकाचे संदेश १४५.८०० मेगाहर्ट्झवर साध्या हातसंचावरही ऐकता येतात. तथापि स्थानकाची आपल्यावरून जाणारी एक फेरी फार तर दहा मिनिटांची असते आणि दर वेळी कोणी बोलत असतेच असे नाही, म्हणून आधी गाजावाजा करू नये.

प्रश्न : मी ७३ वर्षांची आहे. या वयात हॅमचा परवाना मिळेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : अवश्य मिळेल. किमान वयाची अट १२ वर्षांची आहे. तुमचे वय परीक्षेला बसण्याच्या आड येत नाही. परीक्षेत रेडिओचे प्राथमिक तंत्र आणि नियम असे दोन भाग असतात. प्राथमिक ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीसाठी मोर्स लागत नाही, आणि ती उत्तीर्ण होणाऱ्यांना व्हीयू३ने सुरू होणारे कॉलसाइन मिळते. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर करता येतो. संच विकत घेण्याची घाई परवाना हाती येईपर्यंत करू नका; तोवर जवळच्या एखाद्या हॅमकडे बसून ऐकण्याचा सराव करावा.