लोटलीकर नाव थुंकीत सापडेल का?

प्रिय बाय,

परवा फोनवर तू विचारलंस, "फर्नांडिस अंकलनी डीएनए चाचणीसाठी नळीत थुंकी भरून पाठवली, त्यांना दूरचे नातेवाईक सापडले. मी पाठवली तर आपण लोटलीकर कसे झालो ते कळेल?" मी कामावर होतो, नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

तुझ्या थुंकीतून ते कळणार नाही. आडनावासारखं बापाकडून मुलाकडे जातं ते वाय गुणसूत्र, आणि मुलींत ते नसतं. माझी किंवा काकाची थुंकी लागेल. पण तिच्यातही आडनाव सापडायचं नाही, कारण आपलं आडनाव गावावरून आलंय.

आपलं लोटली गाव गोव्यातल्या साष्टीत. ही साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. पुढे देवळं मोडायला लागले तेव्हा लोटलीचा देव रामनाथ जुवारी नदीपलीकडे फोंड्यातल्या बांदिवड्याला आणला. फोंडा तेव्हा त्यांच्या हातात नव्हता, तो १७६३ मध्ये गेला. देवामागून माणसं आली. लोटलीहून आलेली वेगवेगळी घराणी लोटलीकर म्हणवू लागली, त्यामुळे दोन लोटलीकरांचं वाय जुळेलच असं नाही. मागे राहून ख्रिस्ती झाले त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव मिळालं. सख्ख्या भावांतला एक फर्नांडिस, दुसरा डिसोझा होऊ शकत होता.

अंकलही मूळ लोटलीचेच, म्हणून मला वायची चाचणी करावीशी वाटते. नातेवाईक शोधणारी साधी चाचणी इथे पुरत नाही. सख्ख्या चुलत भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए सारखा असतो, पण चारशे वर्षांत त्यातलं बहुधा काहीच उरत नाही. वाय मात्र जवळजवळ जसंच्या तसं उतरतं. त्यांचं आणि माझं बारकाईने जुळलं, तर देवासोबत नदी ओलांडणारा आणि मागे राहणारा एकाच घरचे होते असं म्हणता येईल. नाही जुळलं तरी शेजार आहेच.

आजीचं वेगळं आहे. आईकडून सगळ्या मुलांना मिळतो तो मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए. आजीचा तो माझ्यात आहे, पण मी तुला देऊ शकलो नाही; तुझ्यात तुझ्या आईचा आहे. आजीचा आत्याकडून तिच्या मुलीकडे गेला. या वाटेला आडनावच नाही. आपल्याकडे लग्नात बाईचं पाळण्यातलं नावही बदलायचे, मग तिला कागदावर शोधणार कुठे?

तेव्हा वही घेऊन आजीजवळ बस. तिची आई, आईची आई, तिचीही आई: प्रत्येकीचं माहेरचं नाव, सासरचं नाव आणि माहेरचं गाव लिहून घे. आठवायला तिला वेळ लागेल, घाई करू नकोस. अंकलना मात्र तू विचारू नकोस. अशा चाचणीतून त्यांच्या घरातलं नको ते बाहेर येऊ शकतं, म्हणून ते मी स्वतः विचारेन, चवथीला आलो की.

तुझा,
बाबा