ब्रिटनमधील विद्यापीठात भारतीय विद्यार्थ्याला सोसायटीच्या (म्हणजे विद्यार्थ्यांच्या मंडळाच्या) वेल्फेअर ऑफिसरपदासाठी, म्हणजे सदस्यांची काळजी पाहणाऱ्या पदासाठी, उभे राहता येते का?
होय, नक्की येते. बहुतेक ठिकाणी त्यासाठी त्या सोसायटीचे सदस्यत्व पुरेसे असते, नागरिकत्वाची अट नसते. अशा निवडणुकांत मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांखाली बहुधा ‘री-ओपन नॉमिनेशन्स’ (म्हणजे ‘उमेदवारी अर्ज पुन्हा मागवा’) हा पर्यायही असतो, म्हणून एकटेच उमेदवार असलात तरी मते मागावीच लागतात. जाहीरनाम्यात मोघम आश्वासनांपेक्षा मद्याविना होणारी एखादी मासिक भेट किंवा नवख्यांना पहिल्या बैठकीला सोबत नेणे, असे हातून नक्की होईल तेच लिहावे. समुपदेशन हे प्रशिक्षितांचे काम आहे, ते अंगावर घेऊ नये. मात्र विद्यार्थी संघाचे पूर्णवेळ, सवेतन ‘सबॅटिकल’ पद वेगळे असून १९९४च्या शिक्षण कायद्यानुसार ते एकूण दोन वर्षांहून अधिक भूषवता येत नाही आणि त्यासाठी व्हिसाचे नियमही आधी तपासावे लागतात.