कंदी पेढा आणि ‘शिष्ट’ मुलगी

प्रश्न : आमच्या कॉलनीतली मुलगी कुस्तीत भारताकडून खेळते. शिबिरातून सुट्टीवर आली म्हणून आम्ही कौतुकाने कंदी पेढे घेऊन गेलो, तर तिने हातही लावला नाही. माझ्या मुलाने सेल्फी मागितला, तर म्हणाली, ‘दादा, आत्ता नको.’ त्याने तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला. आता सगळे तिला शिष्ट म्हणतात. त्यात भल्या पहाटे तिच्या दारात अनोळखी माणसं येतात, त्याचीही कुजबुज आहे. हिच्यासाठी टाळ्या आम्हीच वाजवल्या ना?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : आधी पहाटेच्या माणसांचं सांगते, कारण ती कुजबुज सगळ्यात वाईट. वरच्या पातळीवरचे खेळाडू उत्तेजक चाचणीच्या यादीत असतात. रोज कोणत्या 60 मिनिटांत आपण कुठे सापडू, हे त्यांना आधी कळवावं लागतं. सुट्टीतसुद्धा, आजीच्या तेराव्यालासुद्धा. 12 महिन्यांत तीनदा चुकलं तर बंदी येऊ शकते. अधिकारी न सांगता येतात. लघवीचा नमुना देताना मुलीसमोर बाई अधिकारी उभी राहते. स्वतःच्या घरात ती हे सोसत असते, आणि बाहेर कॉलनी पडदा सारून बघते!

आता पेढा. 2024 ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट 50 किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचली आणि त्या सकाळी वजन 100 ग्रॅम जास्त भरलं म्हणून बाद झाली. 100 ग्रॅम म्हणजे तुमच्या पुड्यातले चार-पाच पेढे. काढे आणि चूर्णं तर नेऊच नका. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच. ‘काकूंनी प्रेमाने दिलं’ म्हणून सुटका होत नाही.

शाळेत खेळ शिकवण्यात माझा जन्म गेला. माझी एक धावपटू यवतेश्वरच्या घाटात सरावाला जायची. ऐन चढावर लोक गाडी थांबवून तिला फोटोसाठी उभं करायचे. कंटाळून ती अंधारातच धावायला लागली, तर तेच लोक आईला विचारू लागले, पोरगी एवढ्या अंधारात जाते कुठे?

टाळ्या तुम्ही स्वतःच्या आनंदासाठी वाजवल्यात, त्याची वसुली तिच्या सुट्टीत कशाला? दुकानाच्या उद्घाटनाला मानधन घेऊन आली, तर खुशाल सेल्फी मागा. तिथे तिने तोंड फिरवलं, तर मी तुमच्या बाजूने बोलेन.

आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं, तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे पोलिस खात्याच्या पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं, तेव्हा त्या बैलगाड्या कुठे होत्या? ही मुलगी कधी हरून किंवा गुडघा दुखावून घरी आली, तर जरूर जा. डब्यात काय चालेल, ते तिच्या आईला विचारून न्या.

व्हिडिओ मात्र आजच काढायला लावा, आणि का काढला हे मुलानेच त्या ग्रुपवर लिहावं. माफीसाठी चार जणांना घेऊन तिच्या दारात जाऊ नका. आईच्या कानावर घातलं तरी पुरे.