नव्या फौजदारी कायद्यांमुळे कोर्टातल्या कारकुनाच्या कामात आणि नोंदींत काय बदललं?

तुम्ही लिहिलंय की जिल्हा न्यायालयात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू होताय, फौजदारी बाजू मिळणार आहे, आणि आता जुनं काही शिकावं की नाही हे कळत नाही. मी फौजदारी कोर्टातच लिपिक म्हणून नोकरी केली, म्हणून सांगतो.

जुनं शिकाच. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, पण तिच्याच कलम ५३१ प्रमाणे त्याआधी प्रलंबित असलेला तपास, खटला, अपील हे सगळं १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने चालतं. त्यामुळे तुमच्या टेबलावर बरीच वर्षं दोन्ही कायद्यांची प्रकरणं शेजारी शेजारी असतील. शिवाय तिसरा प्रकार आहेच : गुन्हा जून २०२४ मधला, फिर्याद जुलैनंतरची. तिथे कलमं जुन्या भारतीय दंड संहितेची आणि कार्यपद्धती नव्या संहितेची. प्रकरण सीआयएसला (न्यायालयाच्या संगणकीय प्रकरण-नोंद प्रणालीत) चढवताना गुन्हा घडल्याची आणि गुन्हा नोंदल्याची, अशा दोन्ही तारखा बघा. शंका आली तर शिरस्तेदारांना (कार्यालयातल्या वरिष्ठ कर्मचाऱ्याला) विचारा, अंदाजाने कायदा निवडू नका.

खरा बदल समन्सात आहे. नव्या संहितेच्या कलम ६३ प्रमाणे समन्स आता इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघू शकतं, त्यावर न्यायालयाच्या शिक्क्याची प्रतिमा किंवा डिजिटल सही हवी. कलम ६४ प्रमाणे पोलीस ठाण्याने किंवा न्यायालयाच्या निबंधकाने पत्ता, ईमेल, फोन नंबर यांची नोंदवही ठेवायची आहे. कायद्यात शब्द ‘निबंधक’ असला तरी न्यायालयात अशी वही भरणारा हात कारकुनाचाच. आणि कलम ७० प्रमाणे असं समन्स बजावलं गेलं की त्याची साक्षांकित प्रत बजावणीचा पुरावा म्हणून जपायची. मेसेज गेला एवढ्यावर थांबू नका. प्रत काढा, साक्षांकित करून घ्या, प्रकरणात लावा आणि रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारखेवार नोंदीत, त्याच दिवशी लिहा.

या वहीबद्दल मी एवढं कळकळीने लिहितोय त्याला कारण आहे. एका खटल्यात साक्षीदाराचं समन्स चार वेळा ‘सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही’ या शेऱ्यासह परत आलं. माणूस गावातच होता. वाडीचं नाव पहिल्यांदा चुकीचं उतरलं आणि पुढचं प्रत्येक समन्स आधीच्या समन्सावरून लिहिलं गेलं. त्यांतली दोन माझ्या हातची होती. आरोपी तोवर तुरुंगातच होता. दोषारोपपत्र उघडून मूळ जबाबातला पत्ता कुणीच पाहिला नाही, मीही नाही. ते मला आजही लागतं. नव्या वहीत चुकीचा फोन नंबर उतरला तर समन्स आणखी लवकर भलतीकडे जाईल, म्हणून नंबर लिहिल्यावर मूळ कागदाशी एकदा ताडून बघाच.

आणखी एक बदल फार कुणी सांगत नाही. जुन्या संहितेत माणूस सापडला नाही तर समन्स घरातल्या ‘प्रौढ पुरुषाकडे’ द्यावं लागे. बायको, आई दारात उभी असली तरी ‘घरी पुरुष माणूस नाही’ म्हणून समन्स परत यायचं. नव्या कलम ६६ मध्ये पुरुष हा शब्दच नाही, सोबत राहणारी कुटुंबातली कोणीही प्रौढ व्यक्ती चालते. (दिवाणीत ही अडचण आधीच दूर झाली होती.) जुना शेरा लिहून समन्स परत आलं तर ते तसंच दप्तरात ठेवू नका, साहेबांच्या, म्हणजे न्यायाधीशांच्या, नजरेस आणा.

मुद्देमाल तुमच्याकडे आला तर कलम ४९७ पाठ करा. माल न्यायालयापुढे आल्यापासून १४ दिवसांत वर्णनाचं विवरण, फोटो, गरज असेल तर व्हिडिओ. कायद्यात मोबाईलचाही स्पष्ट उल्लेख आहे. त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. आदेश साहेबांचा, पण तारखा मोजून प्रकरण पुढे ठेवणं तुमचं. हे विवरण आणि फोटो पुढे पुरावा म्हणून वापरले जातात, तेव्हा ‘एक जुनी मोटारसायकल’ असं लिहून भागणार नाही. चासी नंबर, इंजिन नंबर, रंग, मोडतोड, सगळं उतरवा.

निकालाची प्रत शक्यतो ७ दिवसांत पोर्टलवर चढवायची आहे, कलम ३९२. घाई तिथेही होते. लैंगिक गुन्ह्याचं प्रकरण असेल तर अपलोड करण्याआधी पूर्ण निकाल स्वतः वाचा. पीडितेचं नाव गाळलेलं असतं, पण वडिलांचं नाव, शाळा, गल्ली कुठल्यातरी पानावर राहून जाते आणि त्यावरून ओळख पटते. असं काही दिसलं तर अपलोड थांबवा आणि आधी साहेबांना दाखवा.