सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून थांबू नकोस

पुणे

प्रिय डॉक्टर,

ओव्हरीतली साधी गाठ मेंदू कसा बिघडवते, आणि लहान मुलीत ती किती शोधायची, असं तू विचारलंस. आजार ॲंटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस, म्हणजे शरीराच्याच ॲंटिबॉडींमुळे मेंदूला होणारा दाह. ती गाठ म्हणजे मॅच्युअर टेराटोमा; तिच्यात केस, चरबी, दात यांच्यासोबत मज्जापेशीही (मेंदूत असतात तशा चेतापेशी) असू शकतात. त्यांच्यावरचे एनएमडीए रिसेप्टर (चेतापेशींमधले संदेश टिपणारी प्रथिनं) शरीराला परके वाटतात. मग तयार झालेल्या ॲंटिबॉडी मेंदूतल्या त्याच रिसेप्टरला जोडून त्यांना पेशीच्या आत ओढतात. पेशी मरत नाही, म्हणून काही महिन्यांनी का होईना, मूल बहुधा सावरतं. न्यूरॉलॉजिस्ट डाल्माउ आणि सहकाऱ्यांनी हा संबंध 2007 मध्ये दाखवला.

पण पहिलं वर्णन गाठ असलेल्या तरुण स्त्रियांचं होतं, आणि तिथेच वॉर्डात गफलत होते. हा आजार झालेल्या 12 वर्षांखालच्या मुलींत गाठ सापडते सुमारे 6 टक्क्यांत. मोठ्या मुलींत आणि तरुण स्त्रियांत जवळपास निम्म्यांत. म्हणजे सात वर्षांच्या मुलीची सोनोग्राफी नॉर्मल आल्याने निदान खोडलं जात नाही.

संशय लक्षणांवरून घे. थोडा ताप, मग झोप उडणं, चिडचिड, बोलणं कमी होत जाणं, झटके, ओठ-जिभेच्या सतत हालचाली. एमआरआय बऱ्याचदा नॉर्मल असतो, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) मात्र सहसा बिघडलेला. एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) शहरातच असल्याने आपल्याला आधी विषाणू आठवतो, ते ठीकच आहे. हर्पिस विषाणूची पीसीआर चाचणी निगेटिव्ह येईपर्यंत असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध चालू ठेव. घरच्यांनी ‘बाहेरचं’ म्हणून आधी कुठे नेलं असेल तर त्यावरून बोलू नकोस. लक्षणं नेमकी कधी सुरू झाली ते त्यांनाच ठाऊक असतं.

क्रम चुकला की पुढे सगळं अडतं. कण्यातलं पाणी आणि रक्त, दोन्ही नमुने ॲंटिबॉडी तपासणीसाठी आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या ॲंटिबॉडींचं सलाईन) देण्याआधी घे. पाण्याची तपासणी जास्त भरवशाची. नुसतं रक्त पाठवलं तर काही रुग्ण निसटतात. रिपोर्टची वाट पाहत उपचार मात्र रोखू नकोस. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड 30 मिग्रॅ प्रति किलो, रोज जास्तीत जास्त 1 ग्रॅम, 3 ते 5 दिवस. आयव्हीआयजी एकूण 2 ग्रॅम प्रति किलो: 20 किलोच्या मुलीला 40 ग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅमच्या 8 बाटल्या. खर्च मोठा आहे, म्हणून सोशल वर्करला पहिल्याच दिवशी बोलव. प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तातला द्रव भाग काढून बदलणं) करायचं असेल तर ते आयव्हीआयजीच्या लगेच मागे नको, दिलेलं औषध धुतलं जातं. दोन आठवड्यांत सुधारणा नसेल तर रिटुक्सिमॅबचा (प्रतिकारशक्तीच्या बी पेशी कमी करणारं औषध) विचार. अस्वस्थतेसाठी हॅलोपेरिडॉल हे मानसिक आजारांवरचं औषध टाळ: अंग आखडतं, ताप चढतो, आणि आजार वाढला की औषधाचा परिणाम हे कळेनासं होतं.

सोनोग्राफी पोटावरूनच, भरलेल्या मूत्राशयाने. अस्वस्थ मुलगी लघवी धरून ठेवत नाही. कॅथेटर असेल तर तो थोडा वेळ क्लॅम्प करून घे. शंका राहिली तर ओटीपोटाचा एमआरआय. गाठ दिसली तर एएफपी आणि बीटा-एचसीजी या गाठीसंबंधीच्या रक्तचाचण्या पाठव. ते वाढलेले असतील तर गाठ साधी नसण्याची शक्यता धर. एरवी शस्त्रक्रिया ‘मूल जरा सावरल्यावर’ म्हणून ढकलू देऊ नकोस; सर्जनशी स्वतः बोल. ओव्हरी वाचवून फक्त गाठ काढणं बहुधा जमतं. भूलतज्ज्ञांना निदान आधी सांग, कारण केटामाइन आणि नायट्रस ऑक्साइड याच रिसेप्टरला अडवतात. पॅथॉलॉजीच्या फॉर्मवरही निदान लिही, म्हणजे ते मज्जापेशी मुद्दाम शोधतील.

घरी जाताना झटके थांबलेले असतात. लक्ष न लागणं, विसरणं, झोपेची गडबड महिनोन्महिने राहते. शाळेला तशी चिठ्ठी दे, नाहीतर मुलगी आळशी ठरते. गाठ न सापडलेल्या 12 वर्षांवरच्या मुलीची तपासणी दर सहा महिन्यांनी, निदान काही वर्षं. कार्डावर ‘गरजेनुसार’ लिहू नकोस, महिना लिही.

तुझा,
सर