क्युबन सिगार बाकीच्यांपेक्षा खरंच सरस असते का? नवख्याने चव कशी ओळखावी?

नाही. क्युबाची आहे म्हणून डोळे झाकून सरस, असं काही नसतं. तुम्ही प्रश्न तरी विचारलात. माझे साडू हेच वाक्य प्रश्नचिन्हाशिवाय ऐकवत आलेत, म्हणून लिहायला बसलो.

मी मूळचा निपाणीचा. आजोबा तंबाखूच्या वखारीत होते. पान मुठीत दाबायचे आणि मूठ उघडायचे. हळूहळू उलगडलं तर ओल बरोबर, चुरा झाला तर सुकलेलं, गोळा तसाच राहिला तर ओलं. मग नाकाला लावायचे आणि त्यानंतरच भावाचं बोलायचे. आमच्याकडचा तंबाखू विडीचा, सिगारचा नव्हे, मान्य. पण पान ओळखायची रीत मी तिथे शिकलो. दुबईत माझ्या घरी मी एका सिगारबद्दल काही बोलायला गेलो, तर साडू चार पाहुण्यांसमोर म्हणाले, "निपाणीच्या माणसाला विडीच कळायची." ते लागलं मला.

पुढच्या डिसेंबरात ते आले तेव्हा मी चार सिगार तयार ठेवल्या होत्या. चारही रोबुस्टो, म्हणजे आखूड आणि जाड आकाराच्या, पाच इंचांच्या आसपास, ५० रिंगच्या (रिंग हे जाडीचं माप). एक क्युबाची, एक निकाराग्वाची, दोन डॉमिनिकन. निकाराग्वाची म्हणजे पाद्रोन या ब्रँडची. त्यांची १९६४ मालिका मुद्दाम टाळली, कारण ती चौकोनी दाबलेली असते, हाताला लगेच कळते. त्यांचीच साधी गोल '२०००' घेतली. महिनाभर सगळ्या एकाच ह्युमिडॉरमध्ये (सिगारची ओल टिकवणारी पेटी), ६७ टक्के आर्द्रतेवर. बायकोने ब्रँडच्या नावाच्या पट्ट्या काढून पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या लावल्या आणि १ ते ४ आकडे घातले. कुठला आकडा कुणाचा, हे मलाही ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी दोनच ओढल्या, नाहीतर जीभ मरते.

साडूंनी ३ नंबरला सगळ्यात जास्त गुण दिले. वहीत त्यांच्याच अक्षरात आहे: "कोको, भाजलेली कॉफी, शेवटी मिरी. हीच क्युबन." ती पाद्रोन निघाली. क्युबाची (ब्रँड सांगत नाही) ओढायला इतकी घट्ट होती की गाल दुखले, आणि तिला त्यांनी चौथी ठेवली. माझ्या कागदावरही ३ पहिली होती.

यात नवल काहीच नाही. १९६० साली क्युबात सिगारचे कारखाने सरकारजमा झाले आणि जाणती घराणी देश सोडून गेली. होसे ओर्लांदो पाद्रोन यांनी १९६४ मध्ये मायामीत धंदा सुरू केला आणि १९७० मध्ये ते निकाराग्वातल्या एस्तेलीला गेले, ज्वालामुखीच्या मातीत. क्युबातल्या वुएल्ता आबाहो या तंबाखूच्या भागातलं पान पहिल्या दर्जाचं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पान कितीही चांगलं असलं तरी वळणाऱ्याचा हात चुकला की धूर येत नाही. १९६२ पासून अमेरिकेत बंदी, आणि मिळत नाही म्हणून भारी, असा तो सगळा डोलारा आहे. शिवाय माँटेक्रिस्टो, रोमिओ इ हुलिएता ही ब्रँडची नावं क्युबातही चालतात आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्येही, म्हणजे नुसतं नाव सांगून काहीच कळत नाही. काचेच्या झाकणाच्या पेटीतली कोहिबा (क्युबाचा नावाजलेला ब्रँड) कुणी देऊ केली तर ती नकली समजा.

चवीचं विचारलंत. टोक कापल्यावर न पेटवता एक कोरडा झुरका घ्या, पानाची खरी चव तिथे कळते. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवायचा आणि थोडासा नाकावाटे सोडायचा. मिनिटाला एखादा झुरका पुरे, घाई केली की कडवटपणा येतो. अमोनियासारखा वास आला तर पान नीट आंबलेलं नाही. सिगारचे तीन भाग धरून पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या भागाची नोंद वेगवेगळी करा, चव बदलत जाते. आणि पट्टी आधी काढून टाका. पट्टी दिसत असताना दिलेले गुण मी धरत नाही.

चार सिगारवरून अख्ख्या देशाचा निकाल लागत नाही, हेही खरं. काही वर्षं मुरलेली क्युबन मी ओढली आहे, फार सुंदर होती. आणि धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतोच, तेव्हा आत्तापर्यंत सुरू केली नसेल तर करू नका. मी महिन्याला एकावर आलोय.

ती वही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. साडूभाऊ, तुम्हीही इथे वाचता. ते विडीचं वाक्य मागे घ्या, माझ्यासाठी नको, आजोबांसाठी.